कामटीच्या पायाचा कोंबडा

आमचा कोंबडा आरवला की वैनगंगेपलीकडची माणसं चहा ठेवतात. खोटं वाटत असेल तर तिकडं जाऊन विचारा. अशा थोर पक्ष्यावर ऐन मंडईच्या तोंडावर बकरीनं पाय दिला आणि त्याचा पाय मोडला. मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीची जत्रा. रात्री नाटक, घरोघरी पाहुणे आणि पाहुण्यांच्या ताटात कोंबडा.

मी बायकोच्या नव्याकोऱ्या सुपाची बांबूची कामटी उपसली आणि हळद भरून ती त्याच्या पायाला बांधली. बायको कडाडली, "सूपबी गेलं न कोंबडाबी गेला! मंडईले माहे बाबा येऊन राह्यले. तोवर चालला त ठीक, नाई त रस्सा!"

कोंबड्यानं ते ऐकलं असणार. दुसऱ्याच सकाळपासून त्याची अंगणात कवायत सुरू. पडायचा, उठायचा, पण मान अशी ताठ की कोंबड्यांना वाटावं, पडणं हीच नवी फॅशन आहे.

मंडईला सासरे आले. त्यांनी आजवर खाल्लेल्या कोंबड्यांच्या पिसांत अख्ख्या चामोर्शीच्या गाद्या भरल्या असत्या. दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत, काठी टेकत ते अंगणात शिरले, तोच समोरून हा आला, छाती काढून, कामटी टकटक वाजवत. दोघं थबकले. यानं अशी बांग दिली की सासऱ्यांची टोपी उडाली.

लंगडणं म्हणजे चालणं नव्हे, म्हणत बायको विळा घेऊन बाहेर आली. "पोरी, विळा ठेव," सासरे म्हणाले. "हा त माह्यासारखाच चालते. आज याले कापलं, त उद्या माह्याकडं कोणत्या नजरेनं पाहशीन?"

त्या मंडईला सासरे वांग्याच्या भाजीवर जेवले, तेही कोंबड्याला शेजारी बसवून.