वाघमारे आणि तिसरी लाइन

दर गुरुवारी सकाळी आमचे जुने ऑपरेटर वाघमारे परभणीची चांगली चालू लाइन स्वतःच्या हाताने बंद करीत. गोदाकाठच्या त्या लहान गावातल्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी नवी ऑपरेटर म्हणून रुजू झाले, तेव्हा हे पाहून घाबरलेच. आडतीवरून, दवाखान्यातून ओरडा सुरू होई. वाघमारे शांतपणे परळीमार्गे परभणी लावून बघत. मग तीही वाट बंद करून सोनपेठ, माजलगाव, जालना असा वळसा घालून पुन्हा परभणी. या दोन्ही वाटांनी 'हॅलो' ऐकू आलं की मगच पहिली लाइन चालू होई.

"बाई, चालू हाय तवर समद्यांवरच भरोसा असतोय," ते म्हणत. "बंद पडल्यावर कोण कामाला येतंय, ते आधी बघून ठिवावं."

एरवी बोलणं कमीच. चहाचा त्यांचा कप वेगळा होता, खिडकीत ठेवलेला. तो वेगळा का, हे मी कधी विचारलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव बौद्ध वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. एका दुपारी जवळच्या खेड्यातून तिथल्या पोस्टमास्तरांचा फोन आला. "वाघमारे, तुमच्या बहिणीच्या वस्तीकडं लोक निघालेत. हातात रॉकेलचे डबे हायत. लवकर कायतरी करा!"

आमच्या चौकीतले शिपाई आधीच दुसऱ्या गावी गेले होते. परभणीची लाइन मेलेली, परळीचीही; तारा तोडल्या होत्या. वाघमाऱ्यांनी सोनपेठ घेतलं, माजलगाव घेतलं, जालना घेतलं, आणि खोल विहिरीतून यावा तसा परभणीच्या पोलीस कचेरीतून आवाज आला. त्यांनी ओरडून सगळं सांगितलं.

"कोण बोलतंय? आडनाव काय?" पलीकडच्या साहेबांनी विचारलं.

"वाघमारे."

"बरं. बघतो."

दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा लावला. गाडी निघाली नव्हती. पुन्हा 'बघतो'. तेव्हा त्यांनी कानावरचा हेडफोन काढून माझ्यापुढे धरला.

"तुमी बोला, बाई. आधी आडनाव सांगा. गावाचं नाव मागून."

"मी कुलकर्णी बोलतेय," मी म्हणाले.

"हां, बोला बाई," साहेब म्हणाले. आवाज निराळाच होता. गाडी लगेच निघाली.

ती पोचली तेव्हा सात घरं जळून गेली होती. बहीण लेकरांना घेऊन ज्वारीत लपली होती, ती वाचली. तिचा नवरा दारातच मारला गेला.

पाचव्या दिवशी वाघमारे कामावर आले. मी कशीबशी म्हणाले, "पहिल्यांदाच मी बोलले असते तर..."

"तर दाजी असते," ते म्हणाले. "तुमाला कसं सुचंल ते? मला सुचायला पायजे होतं. एवढी उमर गेली, तरी मी त्याच्या 'बघतो'वर दहा मिनिटं बसून राहिलो."

बहिणीला आणि लेकरांना घेऊन त्यांनी येलदरीकडे बदली मागून घेतली. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला तो ऐकायला ते हयात नव्हते.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. अजूनही फोनवर कुणी "कोण बोलतंय?" म्हणून विचारलं, की आडनाव सांगताना माझी जीभ अडखळते.