मी रचलेल्या मुलखातला उपाशी देव

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अॅक्शननंतरचं वर्ष आम्ही ज्वारीच्या आंबिलीवर काढलं. बीदरजवळच्या चिटगुप्प्याचं आमचं कापडाचं दुकान बंद पडलं होतं. ज्वारीसुद्धा शेजारच्या शेतकरी काकांनी दिलेली. दुपारी ते आणि माझे वडील, अप्पा, आमच्याच ओट्यावर जेवत. जेवण झालं की अप्पा ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकत. आम्ही लिंगायत; गळ्यात लिंग बांधणाऱ्यानं प्रसादाचा कणही टाकायचा नाही. काका मात्र आधी देवाच्या नावानं एक घास बाजूला काढत आणि कावळ्याला घालत. दोघं एकमेकांच्या ताटाकडं बघत, पण त्यावरून वाद घालत नसत.

पुढं दुकान उघडलं आणि मी हैदराबादला कॉलेजात गेलो. शेवटचं वर्ष राहिलं असताना सुट्टीत अप्पा म्हणाले, "बस झालं शिकणं. दुकानाला माणूस पायजे."

"पर तिथं तू शिकायलास तरी काय?" काकांनी विचारलं.

दाखवायला जवळ होतं ते मी लिहिलेलं अर्धवट नाटक. तेच वाचलं. त्यातला मुलूख कुठंच नसलेला. तिथं दोन पंथ. एक म्हणे, देव माणसाच्या आत आहे, ताटात घास राहिला तर तो उपाशी. दुसरा म्हणे, देव बाहेर आहे, ताट पुसून खाल्लं तर तो उपाशी. खरं कोण, ते मला ठरवता येईना, म्हणून नाटक अडलेलं.

"आत हाय तेच खरं," अप्पा म्हणाले. "संपलं नाटक."

"व्हय सावकार? मग तिथल्या कावळ्यांनी काय खायाचं?" काकांनी विचारलं.

"कावळे हायत का रे तिथं?" अप्पांनी मला दरडावलं.

"असतील."

"असतील म्हंजे? मुलूख तुझाच न्हाई व्हय?"

सुट्टीभर हेच. एकदा काका रागानं उठून गेले ते चार दिवस फिरकलेच नाहीत. अप्पांना जेवण गोड लागेना. मग काका आले ते नवी शंका घेऊनच.

"आत आन् भाईर एकच देव असला तर?"

"मग तो एकाच येळी जेवलेला आन् उपाशी कसा?" अप्पांनी विचारलं.

शेवटी अप्पा वैतागले. "जा बाबा कॉलेजात. तुझ्या मास्तराला इचार. नक्की कळल्याबिगर येऊ नको."

गेलो. प्राध्यापक म्हणाले, तुझा मुलूख, तूच ठरव. मला ते आजही ठरवता आलेलं नाही. नाटक अर्धंच राहिलं. बी.ए. मात्र झालो. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं करणारा मी पहिला.