आर्विडबद्दल चांगलं बोलणारी एकटी

आमच्या हॉटेलात उतरणारा प्रत्येकजण वायफायच्या नावाने बोटं मोडतो, आणि बोलणी खाते काऊंटरवरची व्हर्ना हॉगन. तिचा दोष काय, तर ती समोर उभी असते. मालक तिकडे ॲरिझोनात ऊन खात बसलेत. सगळ्या खोल्यांना मिळून एकच जुनाट लाईन, वायफायची यंत्रं टांगलेली व्हरांड्यात आणि मध्ये जाडजूड दारं. मी इथली दुरुस्तीची कामं करतो, पण मालकाची दानत काही मला दुरुस्त करता येत नाही.

चांगली लाईनही आहे बरं का. ती ऑफिसात. पैसे घेताना आमचं इंटरनेट कधी रडत नाही.

व्हर्नाचा भाऊ आर्विड अलास्कात वारला, दारू पिऊन पिऊन. घरच्यांना त्याने जन्मभर छळलं होतं, त्यामुळे चर्चमध्ये त्याच्याबद्दल चार शब्द बोलायला कोणी तयार नव्हतं. व्हर्ना होती. लहानपणी ती तळ्यावरचा बर्फ फुटून पाण्यात गेली, तेव्हा आर्विडनेच उडी घेऊन तिला वर काढलं होतं. बापाच्या धाकाने दोघांनी ते कधी कोणाला सांगितलं नाही. आता निदान त्याच्या मुलीने ते ऐकावं, एवढंच तिला हवं होतं.

पण अंत्यविधीचा शनिवार नेमका पोरांच्या हॉकी स्पर्धेचा, हॉटेल खचाखच भरलेलं. मॅनेजर ग्लेनने रजा साफ नाकारली. "इथूनच बोल की व्हिडिओवर."

"मग ऑफिसात बसू का? जरा वेळ फक्त."

"वेड लागलंय का तुला? त्या गर्दीत कार्डाचं मशीन अडकलं तर मालक माझी सालटी काढतील. सामानाच्या खोलीत बस."

मोबाईलला इथे रेंज नाही. दोन सामन्यांच्या मधली वेळ, खोल्याखोल्यांतून पोरं आपापल्या स्क्रीनला चिकटलेली. व्हर्ना केस नीट करून माझ्या शिड्या-डब्यांमध्ये लॅपटॉप घेऊन बसली. पलीकडचं चर्च अडखळत का होईना, तिला दिसत होतं. ती बोलली. ते काळं पाणी, आर्विडचे निळे पडलेले ओठ, तिला गुंडाळलेला त्याचा कोट. शेवटी म्हणाली, "तुझा बाप अगदीच वाईट नव्हता गं." मी पाना खाली ठेवून ऐकत राहिलो.

थोड्या वेळाने भाचीने काऊंटरवर फोन केला. मी शेजारीच होतो, मलाही तिचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"आत्या, काहीच कळलं नाही. तुझं तोंड उघडं आणि चित्र तसंच अडकलेलं. इथली पोरं हसायला लागली, म्हणून पाद्रीबाबांनी बंद करायला लावलं."

"मग आता ऐक ना. तुझ्या बाबाने एकदा..."

"राहू दे गं. दुसरं कोणी बोलणारं नव्हतंच, लवकर आटपलं. लोक सँडविच खायला बसलेत, मला जायला हवं."

फोन बंद झाला तरी व्हर्ना तो कानाला धरून उभी होती. आर्विडने काय केलं ते आता मला माहीत आहे. मला माहीत असून काय उपयोग?