हार्लन नेसेथचं अजून ठरलेलं नाही

हार्लन नेसेथचं कधीच काही ठरत नसे. गावातल्या रस्त्यांवरचा बर्फ सारायची गाडी त्यानं जन्मभर चालवली. त्या गाडीच्या फाळानं बर्फ डावीकडे फेकायचा की उजवीकडे, एवढाच काय तो प्रश्न. पण डावीकडे फेकला तर ओल्सनबाईंचं दार बंद होणार आणि उजवीकडे फेकला तर पाद्रीबुवांचं. म्हणून हार्लन रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून विचार करत बसे, आणि तोवर वरून नवा बर्फ पडून दोन्ही दारं सारखीच बंद होत. त्याच्या निवृत्तीच्या दिवशी लोकांनी विचारलं, केक चॉकलेटचा आणू की लिंबाचा? समारंभ केकवाचूनच उरकला.

त्याची बायको आर्लिस मात्र सगळं ठरवूनच जन्माला आलेली. तिचं चर्चमधलं बाक ठरलेलं, मंगळवारचा जेवणाचा बेत ठरलेला आणि पक्ष तर पाळण्यातच ठरलेला. निवडणूक आली की अंगणात तिच्या उमेदवाराची पाटी लागे. हार्लन त्या पाटीभोवतालचं गवत मन लावून कापी, पण पाटीकडे बघत नसे. न जाणो, मत बनायचं.

अशा माणसाच्या घरी त्या उन्हाळ्यात नेब्रास्काहून फोन आला. कोरीन नावाची बाई होती, जनमत चाचणी घेणाऱ्या कंपनीतली. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीपर्यंत त्याच त्या माणसांना पुन्हापुन्हा फोन करायचा आणि त्यांचं मत कुठून कुठे सरकतं ते बघायचं, असं तिचं काम. मिनेसोटाच्या आमच्या कोपऱ्यात अनोळखी फोन कुणीच उचलत नाही. हार्लन उचलायचा, कारण उचलायचा की नाही हे ठरेपर्यंत हात रिसीव्हरवर गेलेला असे. कोण आवडतं, तिनं विचारलं. अजून ठरलेलं नाही, हा म्हणाला. मग निदान कल कुणाकडे? कलाचंही अजून ठरलेलं नव्हतं. कोरीन खूश झाली. असा कोरा करकरीत माणूस तिला बरेच दिवस मिळाला नव्हता.

मग दुसऱ्या पक्षाचं, म्हणजे आर्लिसच्या पक्षाचं नव्हे त्या पक्षाचं, अधिवेशन आलं. हार्लननं ते टीव्हीवर पहिल्या भाषणापासून शेवटच्या फुग्यापर्यंत पाहिलं. आर्लिस मुद्दाम ऐन भाषणात व्हॅक्युम क्लीनर फिरवत होती, तर हा पाय वर घेऊन बघत राहिला. दुसऱ्या दिवशी कोरीनचा फोन आला आणि हार्लननं शांतपणे सांगितलं, मत त्यांनाच. आर्लिसच्या हातातलं बटाटे सोलायचं काम थांबलं.

"तू त्यांना मत देणार?"

"देणार असं नाही गं. पण त्यांनी किती खटाटोप केला. छतावरून फुगे सोडले. उमेदवाराचा नातू बिचारा स्टेजवर रडला. आणि मी दुसऱ्याच दिवशी फोनवर सांगू, की नाही आवडलं?"

यात हार्लनचा दोष नाही, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. शेजारणीनं बटाटे-खिम्याचं भांडं भरून पाठवलं, तर ते खारट असो की कच्चं, भांडं घासून परत देईपर्यंत त्याची स्तुतीच करायची असते. एकदा भांडं परत गेलं की मग काय वाटतं ते घरात बोलायला मोकळीक. हार्लननं अधिवेशनाचं भांडं आठवडाभर ठेवून घेतलं आणि मग परत केलं. पुढच्या फोनला त्याचं पुन्हा काही ठरलेलं नव्हतं. वर्तमानपत्रांनी आधी छापलं, अधिवेशनानंतर उमेदवाराची मोठी उसळी. मग छापलं, उसळी ओसरली. मोठमोठ्या पंडितांनी तिची कारणं शोधली. भांड्याचा उल्लेख कुणीच केला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर हार्लनचा उन्हाळा सुखात गेला असता. पण आर्लिसच्या पक्षाच्या उमेदवारानं आपला जोडीदार जाहीर केला. उपाध्यक्षपदासाठी वेंडल स्टोर्लिन.

आमच्याच गावचा वेंडल. औषधांच्या दुकानदाराचा मुलगा, पुढे मोठा वकील, त्याहून पुढे सिनेटर. न्हाव्याच्या दुकानात बातमी कळली तेव्हा एकजण म्हणाला, "वेगळंच आहे." आमच्याकडे यापेक्षा कडक शब्द नाही. त्यानंतर सगळ्यांनी हार्लनकडे बघितलं आणि लगेच खिडकीबाहेर बघितलं.

कारण वेंडलनं तरुणपणी आर्लिसला मागणी घातली होती. आता आमच्या गावात काहीही विचारलं तरी माणूस दोनदा नको म्हणतो. कॉफी घेणार? नको. घ्या ना. नको, कशाला उगाच त्रास. अहो, केलेलीच आहे. बरं, मग अर्धा कप. हे लहान मुलालाही ठाऊक असतं. पण वेंडल पूर्वेकडे शिकायला गेला आणि रीतभात तिकडेच विसरून आला. तळ्याकाठच्या सहलीत त्यानं आर्लिसला विचारलं, ती म्हणाली, नको, आणि हा शहाणा त्याला नकार समजून गाडीत बसून निघून गेला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात हार्लननं विचारलं. तीनदा विचारलं. लग्न झालं, मुलं झाली, मुलं दुसऱ्या गावी गेली, आणि गाव अजून म्हणतं, वेंडलला थोडा धीर असता तर.

हार्लनच्या मनात हाच काटा होता. वेंडलनं आणखी दोनदा विचारलं असतं, तर या स्वयंपाकघरात कोण बसलं असतं? आर्लिसनं आपल्याला निवडलं, की आपण नुसते जास्त वेळ उभे राहिलो? विचारावं की न विचारावं याचं त्याचं इतक्या वर्षांत ठरलं नव्हतं, आणि ते मनातलं दुखणं त्यानं कुणाला दाखवलंही नव्हतं.

आर्लिस आपल्या पक्षाच्या अधिवेशनाची प्रतिनिधी म्हणून आधीच निवडलेली होती. जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं केस सेट करून घेतले. ते हार्लनच्या नजरेतून सुटलं नाही. आमच्या राज्याच्या सगळ्या प्रतिनिधींनी डोक्यावर माशाच्या आकाराची टोपी घालायची होती, तेव्हा त्या केसांचा उपयोग काय, असं त्यानं फार सौम्यपणे विचारलं. ती म्हणाली, टोपी कधीतरी काढावी लागेलच. त्या एका वाक्यावर हार्लन तीन रात्री झोपला नाही.

शेवटच्या दिवशी तो टीव्हीपुढे बसला. वेंडलचं भाषण झालं, फुगे सुटले आणि वेंडल स्टेजवरून खाली उतरून आपल्या गावच्या माणसांकडे आला. कॅमेरा त्याच्या मागोमाग. गर्दीत हार्लनला मासे दिसले, त्यातल्या एका माशाखाली आर्लिस दिसली आणि वेंडलनं तिला मिठी मारली. चांगली दोन्ही हातांनी. आमच्या गावात मिठी मारतात ती फक्त कुणी वारल्यावर, तीसुद्धा एका हातानं आणि बाजूनं. माशाची शेपटी वेंडलच्या चष्म्यावर आपटत होती तरी तो सोडेना.

सकाळी कोरीनचा फोन आला. स्टोर्लिन यांची निवड झाल्यामुळे तुमचं मत त्यांच्या बाजूनं झुकलं, विरुद्ध झुकलं की काही फरक पडला नाही?

"विरुद्ध," हार्लन म्हणाला.

कोरीनला वाटलं लाइनमध्ये काहीतरी बिघाड आहे. तिनं प्रश्न पुन्हा वाचला. हार्लननं पुन्हा तेच सांगितलं. थोडंसं विरुद्ध की फार? फार. कारण सांगाल का, मिस्टर नेसेथ?

"मिठ्या," हार्लन म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा ठाम मत देऊन खुर्चीत बसला.

आता या चाचण्यांची गंमत अशी, की खेड्यातली म्हातारी माणसं फोनवर फार थोडी सापडतात. म्हणून जो सापडतो त्याचा एक शब्द पुष्कळ जणांच्या वाट्याचा धरतात. दोनच दिवसांत वर्तमानपत्रात आलं, अधिवेशनाची उसळी सगळीकडे, पण ग्रामीण ज्येष्ठ पुरुषांत स्टोर्लिन यांच्याविषयी तीव्र नाराजी, कारण, मिठ्या. पक्षात धावपळ उडाली. वेंडलला बजावण्यात आलं आणि तो सभांमधून हात पाठीमागे बांधून हिंडू लागला. टीव्हीवरच्या एका विदुषीनं ग्रामीण पुरुष आणि स्पर्श या विषयावर तासभर व्याख्यान दिलं.

आर्लिसनं ती बातमी परतीच्या वाटेवर एका हॉटेलात नाश्ता करताना वाचली. बाकीचे प्रतिनिधी विचारत होते, कोण असतील ही माणसं? आर्लिसनं टोस्टला लोणी लावता लावता सांगितलं, की तिला काही कल्पना नाही. पहिल्या ओळीतच तिनं नवरा ओळखला होता.

ती घरी आली, बॅग ठेवली, मासा खुंटीला अडकवला आणि ओव्हन तापवायला लावला. ती काही बोलेना, हार्लन काही बोलेना. आमच्याकडचं घनघोर भांडण असंच दिसतं. तेवढ्यात फोन वाजला. कोरीनच होती. वरिष्ठांनी तिला तोच प्रश्न पुन्हा विचारायला सांगितलं होतं, कारण कंपनीत कुणाचाच त्या उत्तरावर विश्वास बसत नव्हता. स्टोर्लिन यांच्या निवडीमुळे तुमचं मत बाजूनं झुकलं, विरुद्ध झुकलं, की काही फरक पडला नाही?

हार्लननं आर्लिसकडे बघितलं. ती ओव्हनकडे तोंड करून उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते.

"कोरीनबाई, एक मिनिट थांबा," तो म्हणाला आणि त्यानं रिसीव्हर छातीशी धरला. "आर्लिस. वेंडलनं तीनदा विचारलं असतं तर?"

ती वळली. वेडा झालास का, असं तिच्या तोंडावर होतं. पण त्याचा चेहरा पाहिला आणि तिचा राग उतरला.

"तर तीनदा नाही म्हटलं असतं. त्याला मी नाही म्हटलं ते नाहीच होतं, हार्लन. रीत म्हणून नव्हतं. त्याला ते बरोबर कळलं. या गावालाच कळलं नाही."

"पण मलाही तू तिसऱ्यांदाच हो म्हणालीस."

"तुला पहिल्यांदाच हो म्हटलं. तू त्या बर्फाच्या गाडीत वर बसून विचारलंस, इंजिन चालू ठेवून. थंडीत बंद केलं तर पुन्हा सुरू होणार नाही म्हणून. मी हो म्हटलं, तू म्हणालास, काय? आणि पुन्हा विचारलंस. मी पुन्हा हो म्हटलं. तिसऱ्यांदा ओरडले, तेव्हा कुठे तुला ऐकू आलं, आणि ओल्सनबाईंच्या खिडकीतही."

छातीवरच्या रिसीव्हरमधून कोरीनचं नाक ओढणं ऐकू येत होतं. तिनं सगळं ऐकलं होतं, कारण रिसीव्हरचं बोलायचं भोक झाकायला हवं हे हार्लनच्या लक्षात आलं नव्हतं. अखेर तिनं घसा साफ केला आणि फार हळू आवाजात सांगितलं, की माफ करा, पण तिला तिन्हींपैकी एक उत्तर टिपावंच लागतं.

"काही फरक पडला नाही," हार्लन म्हणाला. "काडीचाही नाही." आणि अध्यक्षपदासाठी मत कुणाला, हे तिनं विचारायच्या आत फोन ठेवून दिला, कारण ते काही अजून ठरलेलं नव्हतं.

मग तो टेबलाशी येऊन बसला.

"पहिल्यांदाच?" त्यानं विचारलं.

"पहिल्यांदाच. बाहेर कुठे बोलू नकोस. लोक म्हणतील, किती हपापलेली बाई."

"होतीस?"

आर्लिसनं ओव्हनमधून भांडं काढून त्याच्यापुढे ठेवलं.

"होते की," ती म्हणाली.