चार हिवाळ्यांचे नकाशे

डिंगोरे गावची हिरा पुण्याच्या एका संस्थेसाठी घरूनच काम करते. मेंढपाळ कुठल्या वाटांनी जातात याचा अभ्यास ही संस्था करते, आणि त्या वाटांचे नकाशे संगणकावर काढायचं काम हिराकडं आहे. त्यात तिच्या आईवडिलांचीही वाट होती. चार हिवाळे तिच्या आईनं, भिमाबाईनं, कमरेच्या पिशवीत संस्थेनं दिलेलं जीपीएसचं लहानसं यंत्र बाळगलं होतं. चौथ्या वर्षी वडिलांच्या, राघूच्या, गुडघ्यांनी दगा दिला. त्यानं मेंढरं आपल्या चुलतभावाला, दत्ताला, देऊन टाकली आणि भिमाबाई घरी बसली.

हिरा तिसरीत असताना तिला शाळेसाठी मामाकडं ठेवलं होतं. दिवाळी झाली की आईबाप मेंढरं घेऊन नाणेघाटानं कोकणात उतरायचे, ते वैशाखातच परतायचे. वर्गातली पोरं विचारायची, "तुझी आई कुठं असती?" हिरा पश्चिमेकडं हात करायची. त्याहून जास्त तिला ठाऊकच नसायचं.

यंदा दसऱ्याच्या सुमारास संस्थेतल्या प्राचीताईंचा फोन आला. "हिरा, चारही वर्षांचे नकाशे एकाच चित्रात दे. उद्या छापायला जायचंय."

हिरा कोड लिहायला बसली. पानाचे चार सारखे चौकोन केले आणि एकेकात एकेक नकाशा बसवला. पण नकाशाचं माप उभ्या-आडव्याला एकच ठेवावं लागतं, त्यामुळं प्रत्येकाचा आकार ठरलेला. पहिल्या वर्षाची वाट लांबट आणि अरुंद, तिच्या दोन्ही बाजूंना पांढरी जागा पडली. दुसऱ्या वर्षाची बरीच पसरट, तिच्या वर-खाली जागा पडली. चित्र विसकटलेलं दिसत होतं. कंटाळून तिनं मापाची ती अट काढून टाकली. चारही नकाशे लगेच ताणले गेले आणि आपापला चौकोन भरून बसले.

भिमाबाई शेजारीच शेंगा फोडत होती. "काय गं हे?"

"तू चाललीस त्या वाटा. बघ की."

भिमाबाईनं पदराला हात पुसले आणि पडद्याजवळ सरकली. आपली वाट अशी वरून तिनं कधी बघितली नव्हती. पहिल्या नकाशावर तिची नजर बराच वेळ थांबली.

"ही कुणाची?"

"तुझीच. पहिल्या वर्षाची."

"न्हाई, माजी न्हाई ही. नदी अशी आडवी कुठं पसरलीय? आन् घाट उतरल्यावर पयला मुक्काम इतका लांब नसतोय. तितनं मागं वळलं तर घाटाचं तोंड दिसतं."

"जागा भरावी म्हणून ताणलंय गं जरा."

"ताणून कसं चालंल? मी तर तेवढीच चालले व्हते."

हिरानं ते चित्र पुसून टाकलं. मग दुपारभर ती पुन्हा खपली. चारही नकाशांना एकच माप दिलं. सगळ्यांना सारखी जागा देण्याऐवजी ज्याची जेवढी रुंदी आणि उंची, तेवढीच त्याची जागा, असा हिशोब कोडमध्ये घातला. एक आकडा बदलला की बाकीचे नकाशे सरकायचे. पाचच्या सुमारास नकाशे एकदाचे जागेवर बसले. फक्त खाली उजवीकडं मोठी मोकळी जागा राहिली, कारण चौथ्या वर्षी दोघं दुसऱ्या मुक्कामावरूनच माघारी फिरले होते.

चित्र बघून प्राचीताई फोनवर म्हणाल्या, "छान झालंय. तो शेवटचा तेवढा मोठा कर ना."

"नको ताई. त्या वर्षी आई तेवढंच चालली."

"बरं, राहू दे तसंच."

संध्याकाळी हिरानं नवं चित्र आईला दाखवलं. या वेळी भिमाबाईनं आपली वाट लगेच ओळखली. तिचं बोट घाटाच्या तोंडापासून खाली उतरत गेलं आणि यंत्रानं टिपलेले ठिपके दाट झाले होते तिथं थांबलं.

"हितं दर साली आठ दिस तळ असायचा. तू चौथीत व्हतीस तवा तुला ताप भरल्याचा निरोप हितंच आला. तुज्या बापाला म्हनलं, मेंढरं सांभाळा, मी जाते. दोन दिस एकलीच घाट चढून आले."

हिराला ती सकाळ आठवली. डोळे उघडले तेव्हा उशाशी आई होती आणि दुसऱ्या दिवशी नव्हती. पुढं कितीतरी वर्षं तिला वाटायचं, तापात आपल्याला भास झाला असावा.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"ऱ्हायले असते तर सांगितलं असतं," भिमाबाई म्हणाली. "दुसऱ्या दिशी निघून जायचं, ते काय सांगायचं?"

दिवाळीनंतर दत्ताची मेंढरं कोकणाच्या वाटेला लागली. त्या आठवड्यात भिमाबाई जेवताना दोनदा ताटावरून उठून दारात गेली आणि पश्चिमेकडं बघत राहिली. मग रविवारी हिरा तिला एसटीनं नाणेघाटाच्या माथ्यावरच्या घाटघरला घेऊन गेली. घाटाच्या तोंडाशी दोघी कडेला बसल्या. खाली कोकण धुरकट दिसत होतं. भिमाबाई हात करून एकेक मुक्काम दाखवत होती. हिराला तिथं नुसतं गवत आणि झाडी दिसत होती.

"उतरायचं का थोडं?" भिमाबाईनं विचारलं.

"आई, माघारी चढायचं पण हाय."

"व्हय, चढायचं पण हाय," भिमाबाई म्हणाली, आणि चपला काढून पहिल्या पायरीवर पाय ठेवून तशीच उभी राहिली. मागून परतीच्या एसटीचा भोंगा वाजला तरी ती हलेना. हिरानंही तिला हाक मारली नाही.