सकाळच्या पारी रडकं तोंड

स्क्रीनवर शांताकाकू हिरव्या होत्या. समोर स्ट्रेचरवर मात्र तापानं फणफणत होत्या, दात वाजत होते.

मी वाशिमच्या एका केमो सेंटरमध्ये सिस्टर आहे. केमो झाली की पांढऱ्या पेशी पडतात, म्हणजे अंगातली जंतूंशी लढणारी फौजच कमी होते. अशात साधा तापही जीव घेतो. म्हणून आम्ही पेशंटच्या मोबाइलवर एक अ‍ॅप टाकून देतो. रोज सकाळी त्यात हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहरे येतात. जसं वाटतं तसा दाबायचा. हसरा दाबला की माझ्या स्क्रीनवर नाव हिरवं दिसतं, रडका दाबला की लाल होतं आणि मी फोन लावते. ट्रेनिंगमध्ये ऐकायला झकास वाटलं होतं.

डॉक्टर चिडूनच आले. "सिस्टर, अलर्ट कसा नाही आला?"

"सर, त्यांनी आजसुद्धा हसराच दाबलाय."

"बीपी बघा त्यांचं! अजून उशीर झाला असता तर?"

तर गेल्या असत्या. मला काय कळत नव्हतं? तपासणीला रक्त काढलं, सलाईन लावली, अँटिबायोटिक सुरू केलं. मग वैताग निघाला तो त्यांच्या नवऱ्यावर.

"काका, अ‍ॅप तुम्ही भरता का?"

"नाही वं माय, थेच भरते. देवाले हात जोडले का मोबाइल घेऊन बसते. आज उठताच येईना, तवा रिठदहून गाडी करून आनलं."

संध्याकाळी ताप उतरला तेव्हा काकूंनाच विचारलं, "परवापासून अंगात ताप होता ना? मग रडका चेहरा काहून नाही दाबला?"

त्या ओशाळल्या. "सकाळच्या पारी कोनाले रडकं तोंड दाखवू, माय? तुमी कामाले लागून राह्यल्या असान, अन् मी आपलं रडगानं पाठवू? बरं दिसते का थे?"

मी कपाळावर हात मारला. राग आला आणि रडूही आलं. दिवसभरात माझा एवढा विचार कोणी केला नव्हता, आणि त्याच विचारापायी बाई मरायला टेकली होती.

अ‍ॅपवाल्या कंपनीला फोन केला. "मॅडम, हे चेहरे सगळीकडे चालतात. पुढच्या अपडेटमध्ये बघू." बघा बाबा.

घरी सोडताना काकूंना म्हटलं, "तुमचा हसरा चेहरा मला नको. थर्मामीटर लावा. ताप असला की रडका दाबा. त्याचं मला वाईट नाही वाटणार, तुम्ही गेलात तर वाटेल."

पुढच्या केमोनंतर एका सकाळी त्यांचं नाव लाल झालं. मी नंबर लावेपर्यंत त्यांचाच फोन. "सिस्टर, रागवू नका, आज रडकं दाबलं. ताप हाय."

त्या वेळेत आल्या. स्वतःच्या पायांनी चालत आल्या.

ताप मोजायला थर्मामीटर आहे, भीड मोजायला अजून काही निघालेलं नाही. म्हणून आता मी हिरव्या नावांनाही फोन करते. डबा थंड होतो. होऊ दे.