फ्लेक्स लागल्याबिगर पोहायचं न्हाई

“माझ्या मिशा कुणी कापल्या बे? कुणी कापल्या?”

आमच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे माझा चुलतभाऊ, समाजमंदिरात उभा राहून असा बोंबलत होता की तिकडं परळीच्या थर्मलची राख आपोआप उडाली असेल. तोंडावरच्या मिशा जागच्या जागी होत्या. गेल्या होत्या त्या उन्हाळी शिबिराच्या फ्लेक्सवरच्या. सिरसाळ्याच्या फ्लेक्सवाल्यानं मोबाईलवर जो नमुना धाडला, त्यात वरच्या ओळीतल्या पुढाऱ्याचा हार नेमका ह्याच्या ओठावर लोंबत होता.

“पोरांना पोहायला शिकवायचंय का मिशा दावायच्यात?” मी म्हणालो.

“तू गप बस. सचिव हायेस आन् फोटो मागतोस कलेक्टरएवढा!”

मला फोटोचा सोस नाही. सचिवाचं तोंड अध्यक्षाच्या तोंडाएवढं असावं, एवढंच माझं तत्त्व. तत्त्वासाठी मी आठवडाभर भांडलो.

पोहण्याची कल्पना मात्र माझी. मागच्या उन्हाळ्यात माझी पुतणी शेततळ्यात घसरली. तळ्यातला प्लास्टिकचा कागद असा निसरडा की तिला काढायला तीन माणसं गेली ती आत, आणि त्या तिघांना काढायला अर्धा गाव. अर्ध्या गावाला पोहता येत नाही, हे त्या दिवशी कळलं. पोरगी वाचली, पण तेव्हापासून पाण्याची घागर बघूनही मागं सरकायची. ह्या उन्हाळ्यात तिला पाण्यात उतरवायचंच, असं मी ठरवलं होतं.

पोहण्याजोगं पाणी होतं ते फक्त शिवेवरच्या काकांच्या विहिरीत. काका सरळ बोलले, “उद्यापासूनच आणा पोरं. तहसीलवाले दरसाल टँकरसाठी विहीर ताब्यात घेतात. एकदा त्यांचा टँकर लागला की माझ्या हातात काई न्हाई.”

पण आमच्या गावात फ्लेक्स लागल्याबिगर माणूस फक्त जन्माला येऊ शकतो. बारशापासून पुढं सगळं फ्लेक्स लागल्यावर.

“फ्लेक्स मागून लावू,” मी म्हणालो. “पोरं उद्या उतरवू.”

“येडा झालास का?” अध्यक्ष माझ्या अंगावर आला. “पोरं आदी पोहली आन् फ्लेक्स मागून लागला, तर लोक म्हणतील शिबिर पोरांनीच घेतलं. मंडळ कावून पाहिजे मग?”

जन्मात त्याचं हे एकच म्हणणं मला पटलं, आणि पटलं म्हणून मी त्याला दुप्पट शिव्या दिल्या. त्यानं माझी कॉलर धरली, मी त्याची खुर्ची ओढली. खुर्ची मंडळाची होती, ती मोडली. मग कुणाचा फोटो कुणाच्या खांद्यावर, कुणाचा गॉगल ठेवायचा, कुणाचा काढायचा, ह्यावर रोज बैठक आणि रोज धराधरी. कॅन बांधला की माणूस बुडत नाही, हे मी पुतणीला कसंबसं पटवलं होतं. इकडं ती पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून अंगणात झोपायची. “कवा जायचं, काका?” एवढंच मला विचारायची.

शेवटी फ्लेक्स लागला. एवढा मोठा, की त्याच्या सावलीला दोन बैलगाड्या सुटल्या. एवढी तोंडं, की गावात त्याहून कमी माणसं असतील. ‘उन्हाळी पोहणे शिबिर’ ही अक्षरं अध्यक्षाच्या कानामागं कुठंतरी होती. मिशा मात्र पूर्ण आल्या होत्या. माझाही फोटो तत्त्वाला धरून होता.

दुसऱ्या दिवशी हलगी लावून पोरांची मिरवणूक विहिरीवर नेली. सगळ्यांच्या पाठीला कॅन, पुढं पुतणी. काठावर जाऊन ती वाकली आणि तशीच राहिली. आम्हीही वाकलो. तळाला एवढंच पाणी, की त्यात बेडकाला बसून अंघोळ करावी लागली असती. खालच्या वाटेनं टँकर हेलकावत चालला होता.

“काका!” अध्यक्ष किंचाळला. “आमचं शिबिर होतं! तुमी फ्लेक्स बघितला न्हाई का?”

काका पाइप गुंडाळत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

“बघितला. तहसीलवाले तुमच्या आदी आले.”